उसने डोळे

पुण्यातलं एकही म्युझियम माझ्यापासून सुटलेलं नाही. म्हणजे गेटापर्यंत. रिक्षा उभी करायची, पॅसेंजर उतरवायचा, सुट्ट्या पैशांवरून दोन शब्द ऐकून घ्यायचे नि निघायचं. आत काय असतं ते मला कोणी सांगितलं नाही नि मीही विचारलं नाही.

शाळेचंही माझं तसंच झालं. गेटापर्यंत. वाचायला शिकलो तो पेठेतल्या पाट्यांवरून, त्यामुळे 'कृपया' हा शब्द मला फार उशिरा कळला.

म्युझियमच्या आत आयुष्यात एकदाच गेलो, ते वडिलांना घेऊन. टॉवेलात गुंडाळून नेलं त्यांना. वडील मी नुकता उभा राहायला लागलो होतो तेव्हाच वारलेले, पण फोटो होता. आमच्या नारायण पेठेतल्या दीड खोलीत मोरीच्या वर, छातीपर्यंतचा. काळा कोट, काळी टोपी नि डोळे. कोट, टोपी मागाहून दिसायची. आधी डोळे. टक्क उघडे. खोलीत कुठंही जा, मोरीचा पडदा ओढून घ्या, ते आपल्याकडंच बघायचे. आई मंडईत भाजी विकायची. सकाळी निघताना फोटोकडं बोट करून एवढंच म्हणायची, "ते बघतायत." बाहेरून कडी घालायची गरज तिला कधी पडली नाही. मी दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायचो, शहाण्यासारखा. शहाणा नव्हतो, भ्यायलेलो होतो, पण लांबून सारखंच दिसतं.

पुढं लग्न झालं. पहिल्या रात्री मी फोटोवर टॉवेल टाकला. बायको उठून बसली नि म्हणाली, "अहो, ते टॉवेलातून बघतायत."

वडील मला आठवत नाहीत. मग जे होतं त्याच्यावरूनच मी वडील तयार केले. एवढे डोळे वटारणारा माणूस म्हणजे कडक असणार. खोटं चालत नसणार, हसणं चालत नसणार. मी आयुष्यभर चेष्टामस्करी केली ती घराबाहेर. घरात विनोद सुचला तर आधी भिंतीकडं बघायचो नि गिळून टाकायचो. रोज सकाळी रिक्षा काढायच्या आधी फोटोसमोर उभा राहायचो. नमस्कार म्हणा, हजेरी म्हणा.

मग पुण्यात कॉम्प्युटर आले. माझी पोरगी शिकली. माझ्यावर गेली नाही हे देवाचे उपकार. हिंजवडीला कंपनीत लागली, बँकेनं तिला बोलावून कर्ज दिलं नि तिनं वाकडला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बायको सामान लावायला आधीच तिकडं गेली. इकडं आमची चाळ बिल्डरनं घेतलेली, सगळे खोल्या सोडून चाललेले. आई म्हणाली, "येते की. पण ह्यांना घेऊन."

आता भिंतीला ओल होती. नव्या घरात न्यायचा म्हणून मी फोटो उतरवला, म्हटलं काच पुसून घ्यावी. मागचे खिळे काढले, काच उचलली, तर वडिलांचा डावा डोळा काचेबरोबर वर आला. कागद ओलीनं चिकटला होता. माझ्या एका हातात काच, तिच्यावर डोळा. दुसऱ्या हातात वडील, डोळ्याच्या जागी पांढरं भोक. काच हलली तसा तो डोळाही हलला, माझ्याकडं वळल्यासारखा. मी फ्रेम पलंगावर टाकली नि बाहेर जाऊन दोन बिड्या ओढल्या.

आईनं पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "एका डोळ्याचा माणूस घेऊन मी नव्या घरात पाऊल टाकणार नाही. आधी त्यांना धड करा, मग मला न्या. नाहीतर मी इथंच. बिल्डरला सांगा, म्हातारीसकट पाड."

ती बोलते तसं करते. चाळ अर्धी रिकामी झाली होती, खालचा नळ तोडलेला, नि आई पलंगावर पाय सोडून बसलेली. माझी झोप उडाली.

पोरीला ऑफिसात कोणीतरी सांगितलं की मंडईमागं जुन्या दगडी इमारतीत फोटोंचं म्युझियम आहे, तिथले गृहस्थ जुने फोटो नीट करून देतात. रविवारी दुपारी आम्ही निघालो. मी पुढं, मागं पोरगी, तिच्या मांडीवर टॉवेलातले वडील. बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीच्या दुकानांपुढं नेहमीसारखं तुंबलेलं. मी सहज आरशात बघितलं, मागं कोणी हॉर्न देतंय म्हणून. टॉवेल घसरला होता. आरशात पोरगी नव्हतीच दिसत. एक डोळा दिसत होता. नुसता एक, उघडा, माझ्या मानेवर लावलेला.

"टॉवेल नीट कर," मी म्हटलं.

"का? त्यांना गार लागतंय का?"

कार्टी माझीच. मी आरसा वर ढकलला नि मंडईपर्यंत मागचं न बघता रिक्षा चालवली. तसं बहुतेक रिक्षावाले चालवतातच, पण मला सवय नव्हती.

इमारत साहेबाच्या वेळची. तिथं पूर्वी कुठलीशी कचेरी होती म्हणतात. खाली लसणाचं गोदाम, बाजूनं लाकडी जिना. जिन्याच्या वळणावर वास गेला. आणखी दोन पायऱ्या चढलो तर मंडईतला भावाचा ओरडाही गेला, कोणी दार लावल्यासारखा. दार तर उघडंच होतं. वर पाट्या होत्या. 'चपला बाहेर काढाव्यात, नव्या असल्यास हातात घ्याव्यात.' 'फोटोंचे फोटो काढू नयेत.' तिसरी मी दोनदा वाचली. मला वाटलं माझंच वाचन चुकतंय. 'येथील माणसांना हात लावू नये.'

टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बिनबाह्यांचा स्वेटर, हातात भिंग. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं नि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी काही नाही केलं."

"केलंत असं कोण म्हणालं?" ते म्हणाले. "तिकीट घ्या."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मलाच कळेना. या माणसाला मी कुठंतरी पाहिलंय, नि एकदा नाही, खूपदा पाहिलंय, एवढं कळत होतं. म्हटलं, रिक्षात बसले असतील, मी कधीतरी लांबून फिरवून आणलं असेल.

पोरीनं टॉवेल सोडला. सगळं सांगितलं, आजीची अटसुद्धा. गृहस्थांनी फोटो उजेडात धरला, उलटा केला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग म्हणाले, "कोट आमचा आहे."

"काय?"

"कोट. आमच्या स्टुडिओचा. दुसरं बटण वेगळं आहे बघा, ते आमच्या आईनं लावलेलं." उठले नि आतल्या खोलीकडं निघाले. "प्लेट असली तर सापडेल. तोवर आपण बघून घ्या. न बोलता बघितलं तरी दिसतं."

पोरगी त्यांच्या मागोमाग गेली. मी एकटा राहिलो.

लांबलचक दालन. खिडक्यांना काळे पडदे, मधेमधे मिणमिणते दिवे. पहिल्यांदा जुने कॅमेरे, तीन पायांवर उभे, अंगावर काळी फडकी. फडक्याखाली कोणीतरी वाकून उभं आहे नि आत्ता हात बाहेर काढेल असं वाटायचं. मी लांबून गेलो. पुढं काचेच्या प्लेटा होत्या, मागून उजेड सोडलेला. त्यात सगळं उलटं. तोंडं काळी, केस पांढरे, डोळ्यांतली बुबुळं पांढरी. कोणाच्या तरी लग्नातली पंगत होती, पन्नासेक माणसं जेवताना थांबून माझ्याकडं पांढऱ्या बुबुळांनी बघत होती. मी म्हटलं, "चालू द्या, चालू द्या, मी जेवून आलोय." रिक्षा स्टँडवर याला हसले असते. इथं माझाच आवाज पुढच्या भिंतीवरून परत आला, जरा उशिरा आला, नि माझ्यासारखा वाटला नाही.

त्याच्या पलीकडं एक रांग होती. छातीपर्यंतचे फोटो, आमच्यासारखेच. एक म्हातारा, गालफडं बसलेली. एक पैलवान गडी, मान जाड. एक पोरगेला, मिशी न फुटलेला. मी त्यांच्यासमोरून चालत गेलो नि मधेच माझे पाय थांबले. घरी मोरीतून बाहेर येताना थांबायचे तसे.

सगळ्यांच्या अंगात एकच कोट होता. दुसरं बटण वेगळं.

नि सगळ्यांचे डोळे एकच होते.

सारखे नाही म्हणत मी. तेच. आमच्या भिंतीवरचे. म्हाताऱ्याच्या खोबणीत तेच, पैलवानाच्या तोंडावर तेच, त्या पोरसवद्याच्या कोवळ्या तोंडावरसुद्धा तेच म्हातारे डोळे. जणू एकच कोणीतरी होता नि तो तोंडं बदलत फोटोमागून फोटोत बसत गेला होता. मी डावीकडं सरकलो, सगळे डावीकडं बघायला लागले. म्हटलं, पोरीला हाक मारावी. मागं वळलो.

दारात तेच डोळे उभे होते. फ्रेमशिवाय.

"आई गं!"

"आई घरी असतील," गृहस्थ म्हणाले. त्यांच्या हातात काचेची प्लेट होती. "इकडं या. सापडली."

तेव्हा मला कळलं मी त्यांना कुठं पाहिलंय. रोज सकाळी, मोरीच्या वर.

त्यांनी प्लेट दिव्याच्या टेबलावर ठेवली. पोरीनं माझा दंड धरला होता, मी तिचा धरला होता, दोघंही एकमेकांना आधार देतोय असं दाखवत होतो. आमच्या फोटोपेक्षा हे चित्र मोठं होतं. छातीच्या खालचंही होतं नि बाजूचंही. वडील खुर्चीत बसले होते. कोट घातलेला नव्हता, नुसता पुढून पांघरला होता, बाह्या मोकळ्या लोंबत होत्या. हनुवटीखालून एक दोरा कानामागं गेलेला. खुर्चीच्या पाठीमागून एका बाईचा हात वर आला होता नि त्यानं त्यांची मान धरली होती. बाई चादरीमागं लपलेली, फक्त हात बाहेर. हातात बांगड्या होत्या, अजून होत्या.

नि वडिलांचे डोळे मिटलेले होते.

बाजूला खुर्चीला धरून एक पोरगं उभं होतं. अंगात झबलं. त्याचं तोंड नव्हतं. नुसता एक धुरकट डाग.

"हललं असणार," गृहस्थ म्हणाले. "खोलीत उजेड कमी, कॅमेऱ्याची काच बराच वेळ उघडी ठेवावी लागायची. जिवंत माणूस हलतोच. मेलेला मात्र स्वच्छ येतो."

मी त्या डागाकडं बघत राहिलो. माझ्या तोंडाला हात लावून बघितला, पोरीला दिसणार नाही असा.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील स्टुडिओ चालवायचे. हमाल, मजूर, भाजीवाले, ज्यांनी जन्मात फोटो काढलेला नसायचा त्यांच्या घरून निरोप यायचा, माणूस गेलाय, पोराबाळांना दाखवायला तोंड तरी राहू दे. मग ते कॅमेरा नि कोट घेऊन जायचे. गेलेल्या माणसाला बसवायचे, फोटो काढायचे, घरी येऊन कागदावर बारीक ब्रशनं डोळे उघडायचे. याला टचिंग म्हणायचे.

"पण कोणाचे डोळे?" पोरीनं विचारलं.

"कोणाचे म्हणजे? त्यांनी माणूस जिवंत पाहिलेलाच नसायचा. समोर आरसा ठेवायचे नि स्वतःचे बघून काढायचे." भिंग पुसत म्हणाले, "या भागातल्या किती घरांत आमचे वडील बघतायत देव जाणे. मी कोणाच्या घरी चहाला जात नाही."

मला खुर्ची दिली नाही, मी स्वतःच बसलो. सगळं आयुष्य मी ज्याला भ्यालो, ज्याच्यासमोर विनोद गिळले, तो एक परका फोटोग्राफर होता. आरशात बघत बसलेला. तो माझ्याकडं कधीच बघत नव्हता, स्वतःकडं बघत होता. नि ज्याला मी बाप म्हणत होतो त्याचे डोळे मी पाहिलेलेच नव्हते.

"आता काम सांगतो," गृहस्थ म्हणाले. "प्लेटवरून नवा फोटो काढून देईन. पण प्लेटवर जे आहे ते येणार. डोळे मिटलेले. टचिंग आमच्या वडिलांबरोबर गेलं."

"सोपं आहे," पोरगी म्हणाली. "जुन्या फोटोचा उजवा डोळा आहे की. स्कॅन करते, उलटा करून डावीकडं लावते. पाच मिनिटांचं काम."

"नको," मी म्हटलं. माझ्यासमोर तोच उजवा डोळा गृहस्थांच्या तोंडावर पापण्या मिटत उघडत बसला होता. "ह्यांना मी सातव्या मजल्यावर नेणार नाही. माफ करा हं."

"बिनधास्त," गृहस्थ म्हणाले. "मलाही जिने होत नाहीत."

"मग पप्पा, तुमचे घेऊ," पोरगी म्हणाली. "मुलाचे डोळे वडिलांसारखेच असतात ना. आजीला कळणारसुद्धा नाही."

मी खूश झालो, खोटं कशाला बोलू. बापाला डोळे द्यायचे, किती पोरांच्या नशिबात असतं?

पोरीनं वाकडच्या फ्लॅटवर कॉम्प्युटरपुढं बसून ते केलं. माझा फोटो काढला, डोळे कापले, प्लेटवरच्या तोंडावर बसवले. "जरा मोठे कर," मी मागून सांगत होतो, "जरा कडक दिसू दे." ती सरकवत होती, काळंपांढरं करत होती. मग खुर्ची बाजूला घेऊन म्हणाली, "बघा."

पडद्यावर मी मेलो होतो.

हनुवटीला दोरा, मानेवर मागून आलेला हात, अंगावर पांघरलेला कोट, नि माझे डोळे उघडे. मी स्वतःकडं बघत होतो नि तो मेलेला मी माझ्याकडं. पोरीनं दोरा पुसला, हात पुसला, छातीच्या खालचं कापून टाकलं. तरी मला तो हात मानेवर लागतच होता. गार होता.

"आजीला काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "मिटलेल्या डोळ्यांचं तर अजिबात नाही. तिला धक्का बसेल."

मी शपथ घेतली. माझ्या शपथेला आमच्या स्टँडवर काय किंमत आहे ते तिला माहीत नव्हतं.

आईसमोर मी डोळे उघडे असलेला फोटो ठेवला. गृहस्थांनी प्लेटवरून काढून दिलेला दुसरा फोटो पिशवीतच होता. आईनं चष्मा पदरानं पुसला, फोटो जवळ घेतला, लांब धरला.

"हा तू आहेस."

"आई, नीट बघ. वडील आहेत. कोट बघ ना."

"कोट त्यांचा नव्हता. डोळे तुझे आहेत. घाबरलेल्या बोकडासारखे." तिनं फोटो बाजूला ठेवला. "पिशवीत काय लपवलंयस?"

माझा हात आपोआप पिशवीत गेला. तिनं दुसरा फोटो घेतला नि मांडीवर ठेवला. मला वाटलं आता रडेल, पडेल, पाणी आणावं का. ती मिटलेल्या डोळ्यांवरून बोट फिरवत बसली. बाहेर चाळीत कोणीतरी सामान उतरवत होतं, धाडधाड.

"हात माझा आहे," ती म्हणाली. "पडत होते सारखे एका बाजूला."

"तुला माहीत होतं? डोळे त्या फोटोवाल्याचे आहेत हे?"

"मग? माझ्यासमोर दिलान् ना फोटो आणून. मी म्हटलं, अहो, हे यांचे नाहीत. तो म्हणाला, बाई, कोणाचे का असेनात, उघडे आहेत ना? बरोबर बोलला. तरणी बाई एकटी राहायची म्हणजे घरात एक डोळे वटारणारा पुरुष लागतो. उंबऱ्यात यायचे लोक, फोटो बघायचे नि तिथनंच बोलून जायचे. तूही घरात बसायचास गप. माझं काम झालं."

"नि वडिलांचे कसे होते? डोळे?"

"बारीक. हसायला लागले की दिसायचेच नाहीत. नि सारखे हसायचे, मेले."

एवढी वर्षं मी त्या भिंतीखाली हसायचा थांबलो होतो.

"हाच लावायचा," आई मिटलेल्या डोळ्यांच्या फोटोवर हात ठेवून म्हणाली. "आता मला राखण नको. सातव्या मजल्यावर कोण येतंय. परवा निघू."

मला बरं वाटायला हवं होतं. आई येणार होती, सगळं ज्याच्यावर अडलं होतं ते सुटलं होतं. पण माझी बुद्धी. मी म्हटलं, "अगं, पण तिथं सगळे शिकलेले, कंपनीतले लोक. हॉलमध्ये डोळे मिटलेला माणूस बघून काय म्हणतील? मेलेल्याचा फोटो लावलाय म्हणतील."

आईनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हार घातलेला फोटो मेलेल्याचाच असतो, गाढवा. जिवंत असेल त्याला कामं असतात. ऊठ, गिरणीत दळण पडलंय, ते घेऊन ये."